स्टेअरिंगचा गुन्हा गाण्याच्या माथी

धाराशिवात सध्या एक तक्रार मोठ्या खात्रीनं केली जाते. शाळेच्या पालकसभेत, गणपतीआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या जाणत्या मंडळींत ती ऐकू येते. पोरं रॅप ऐकतात, त्यातली ‘विषय हार्ड’, ‘नाद करायचा नाय’ असली भाषा तोंडात घोळवतात आणि मग बायपासला जाऊन गाड्या गरागरा फिरवत रील काढतात. आधी गाणं, मग बोली, मग गाडी, अशी ही साखळी लावलेली असते. पहिली कडी तोडली की शेवटची आपोआप गळेल, म्हणून गॅदरिंगमध्ये रॅप नको, पोरांचे मोबाइल तपासा, असली गाणी लावणाऱ्या डीजेवर कारवाई करा, असा उपायही त्याच दमात सांगितला जातो.

ही साखळीच मला मान्य नाही. गाडीच्या स्टंटबद्दल मला तसूभरही सहानुभूती नाही, आणि ते या लेखात पुढे स्पष्ट होईल. पण गाण्याला आरोपी केल्यानं खरा आरोपी सुटतो. तो सुटावा अशी सोय कुणाकुणाची आहे, हेही बोललं पाहिजे.

पुण्यातल्या एका प्रकरणापासून सुरुवात करतो, कारण महाराष्ट्रानं या साखळीवर किती सहज विश्वास ठेवला ते तिथं दिसलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीनं दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला, आणि जामिनाच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट होती. लोक संतापले, आणि संतापणं योग्यच होतं. त्या संतापात समाजमाध्यमांवर एक व्हिडिओ फिरायला लागला. एक तरुण शिव्या घालत रॅप म्हणतोय, आपण कसे सुटलो याची फुशारकी मारतोय. हाच तो पोरगा, असं म्हणून लाखोंनी तो पुढे पाठवला. मुलाच्या आईनं तो आपला मुलगा नसल्याचं सांगितलं. पोलिसांनीही तेच सांगितलं. व्हिडिओ लक्ष वेधण्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला निघाला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

हा खोटा व्हिडिओ इतक्या लोकांना खरा का वाटला? कारण बेदरकार गाडी चालवणारा पोरगा रॅपच म्हणत असणार, हे आपण आधीच ठरवून ठेवलेलं होतं. आता त्या प्रकरणात खरोखर काय काय होतं ते पाहा. गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. कोट्यवधींच्या गाडीला नंबरप्लेट नव्हती, तरी ती शहरातून फिरत होती. अल्पवयीन मुलाला दारू देणारे बार होते. चावी घरातूनच मिळालेली होती. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचं उघड झालं आणि त्यात डॉक्टरांना अटक झाली. नोंदणी, बार, बाप, रुग्णालय अशी सगळी माणसं आणि संस्था त्या अपघाताच्या आधी आणि नंतर हजर आहेत. त्यात गाणं कुठंही नाही. गाणं बाहेरून आणून चिकटवलं गेलं, आणि ते चटकन चिकटलं.

आपल्याकडे पोर्शे नाही. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या हाताची स्कॉर्पिओ आहे, हप्त्यावर घेतलेली थार आहे, सायलेन्सर बदलून ‘फटाके मारणारी’ बुलेट आहे, आणि पुढची चाकं उचलून दाखवायला ट्रॅक्टरही आहे. मागच्या काचेवर एमएच २५, त्याखाली कुणाचं तरी नाव आणि ‘किंग’ किंवा ‘राजे’. पण प्रकार तोच. आणि इथंही ही विद्या पोरगा कुठं शिकतो ते नीट पाहिलं, तर बोट गाण्याकडे जात नाही.

नेत्याचा तालुक्याला दौरा असतो. पुढे पायलट गाडी, मागे पंचवीस-तीस गाड्यांचा ताफा. प्रत्येक गाडीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेली पोरं, एक हात छताला, दुसऱ्या हातात झेंडा. काही जण धावत्या गाडीच्या दारावर उभे. टोलनाक्यावर कुणी थांबत नाही. उलट्या बाजूनं ताफा घुसला तरी हवालदार हात वर करून वाट करून देतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला गाडीबाहेर लटकण्याचा पहिला अनुभव इथं मिळतो. कायदा कुणासाठी थांबतो आणि कुणासाठी नाही, हेही त्याला इथंच कळतं. मग ग्रामपंचायतीचा निकाल लागतो. जेसीबीच्या तोंडातून गुलाल उधळला जातो, आणि विजयी उमेदवार गाडीच्या बॉनेटवर बसून गावातून फिरतो. पुढे कुण्या ‘युवा नेत्या’चा बड्डे येतो. भर चौकात गाड्या आडव्या लावलेल्या, बॉनेटवर ओळीनं केक मांडलेले, आणि ते कापायला तलवार. लग्नसराईत नवरदेवाच्या गाडीमागे वऱ्हाडातल्या गाड्या हायवेवर नागमोडी पळतात, आणि वडीलधारे त्याच गाड्यांत मागच्या सीटवर बसलेले असतात.

या कोणत्याही प्रसंगी रॅप वाजत नसतो. वाजतात ती डीजेवरची गाणी, नेत्याच्या नावानं बांधून घेतलेली गाणी. पालकसभेत रॅपवर तुटून पडणारे कितीतरी काका या ताफ्यांत आणि या वरातींत असतात. त्यांनी त्या वेळी एकदा तरी गाडी थांबवायला लावली का, एवढाच प्रश्न मी त्यांना विचारतो. पोरगा आपल्या थोरांकडे पाहूनच शिकला आहे.

गाडी म्हणजे दरारा, हे समीकरण आपल्या भागात किती खोल गेलंय त्याचा सगळ्यात भयंकर दाखला शेजारच्या केज तालुक्यातून आला. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि त्यांचा अमानुष खून झाला. त्या गुन्ह्यातली काळी स्कॉर्पिओ आरोपी आपल्या वाशीत टाकून पळाले. त्या दिवसापासून वाशी हे नाव राज्यभर त्या गाडीसोबत घेतलं गेलं. खंडणी, पवनचक्कीचे ठेके, राजकीय आश्रय, पोलिसांची भूमिका, यावर महिनोन्‌महिने चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या चर्चेत गाण्याचा विषय कुणाच्या मनातही आला नाही, कारण मृत्यू समोर असताना माणूस खऱ्या कारणाकडेच बघतो. मग एरवी, प्रकरण आपल्या गल्लीतल्या पोराचं असलं की, आपण कारण शोधायला गाण्यापाशीच का थांबतो? गाण्याला दोष दिल्यानं कुणाशी वैर येत नाही, हे त्याचं उत्तर आहे. ताफ्याला दोष दिला तर वैर येतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा घेतो, कारण तो डावलून वाद जिंकण्यात अर्थ नाही. जगात एक ठिकाण असं आहे जिथं हिपहॉप, खास बोली आणि गाड्यांचे स्टंट खरोखर एका घरात नांदले. कॅलिफोर्नियातलं ओकलंड आणि आसपासचा बे एरिया. तिथल्या रॅपची ‘हायफी’ नावाची धाटणी २००६ च्या सुमारास अमेरिकाभर गाजली. ई-४० नावाचा रॅपर नवनवे शब्द घडवण्यासाठीच ओळखला जातो. त्या वर्षीच्या त्याच्या गाजलेल्या गाण्यात आणि त्याच सुमाराच्या इतर गाण्यांत ‘घोस्ट रायडिंग’चा बोलबाला होता. म्हणजे चालत्या गाडीतून ड्रायव्हरनं उतरायचं, गाडी आपल्या गतीनं पुढे सरकत राहते, आणि हा तिच्या शेजारी किंवा थेट तिच्या टपावर नाचतो. त्याची नक्कल करताना माणसं मेली, हेही खरं. म्हणजे साखळी इथं तरी सिद्ध झाली, असं कुणी म्हणेल.

पण क्रम तपासा. ओकलंडमध्ये रात्री मोकळ्या पार्किंगमध्ये, चौकात गाड्या जमवून त्या गोल-गोल फिरवण्याचा प्रकार, ज्याला तिथं ‘साइड शो’ म्हणतात, तो १९८० च्या दशकात सुरू झाला. हायफीची गाणी त्यानंतर वीस वर्षांनी आली. पूर्व ओकलंडच्या काळ्या वस्त्यांमधल्या तरुणांना रात्री जायला जागा नव्हती. मजुरी करून, पैसे साठवून सजवलेली जुनी गाडी एवढीच त्यांच्याकडे मिरवायची वस्तू होती. गाण्यानं जे चालू होतं त्याला नाव दिलं, चाल दिली, आणि हो, काही ठिकाणी भरही घातली. पुढे दोन-तीन वर्षांत हायफीची लाट ओसरली, ती गाणी मागे पडली. साखळीचा सिद्धांत खरा असता, तर गाण्यांबरोबर साइड शोही ओसरायला हवे होते. ते ओसरले नाहीत. ओकलंडच्या पोलिसांनी वर्षानुवर्षं गाड्या जप्त केल्या, बघ्यांवरही कारवाया केल्या, तरी हा प्रकार अमेरिकेतल्या इतर शहरांत पसरला. पहिली कडी गळून गेली आणि तिसरी आणखी घट्ट झाली. आपल्या पालकसभांनी हा अनुभव नीट वाचावा.

ओकलंडची आणि धाराशिवची तुलना मी ओढूनताणून करणार नाही. तिथला वर्णद्वेष वेगळा, इथली जात वेगळी, तिथला बंदुकीचा प्रश्न वेगळा. मात्र मोकळी संध्याकाळ आणि मोकळा रस्ता हे दोन्हीकडे सारखं आहे. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी करत बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी झाला. दक्षिणेला नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा ६५. रस्ते आले, त्यांच्यासोबत सर्व्हिस रोड आले, उड्डाणपुलांखालची सपाट जागा आली. या रस्त्यांच्या कडेला पोरांना काम देणारं काय आलं? नीती आयोगानं २०१८ मध्ये देशातल्या मागास जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार होते. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद. ढोकीचा तेरणा साखर कारखाना कित्येक वर्षं बंद पडून राहिला. एकाआड एक वर्ष सोयाबीन पावसानं कुजतं नाहीतर पावसाअभावी जळतं. पोरगा आयटीआय करून चाकणला जातो, कंत्राटावर राबतो, कंत्राट संपलं की परत येतो. येताना त्याच्याजवळ एकच गोष्ट असते जी गावाला दिसते, ती म्हणजे हप्त्यावरची गाडी. लग्न ठरवताना मुलीकडचे आधी विचारतात, गाडी आहे का. समाजानंच माणसाची किंमत गाडीवरून ठरवली, तर पोरगा ती किंमत चारचौघांत दाखवायला निघणारच. कारण सांगितलं म्हणजे माफी दिली असं नाही. पण कारण चुकलं तर उपाय चुकतो.

आता बोलीकडे. पोरांची भाषा बिघडली, असं म्हणणाऱ्यांना ही तक्रार नवी वाटते. मला ती फार जुनी वाटते. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. प्रस्तावना लिहायला बसलेले विजय तेंडुलकर स्वतः त्या कवितांतल्या वस्तीत फिरून आले, आणि कवितांमधले कितीतरी शब्द आपल्याला ठाऊक नाहीत हे त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. मराठीतला मोठा नाटककार अडला, पण म्हणून त्यानं कवितेला दोष दिला नाही. तो तिथपर्यंत चालत गेला. आपल्या मातीत त्याहून जवळचं उदाहरण आहे. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव. ‘लाल चिखल’मधला टोमॅटो विकायला आलेला शेतकरी आपल्याकडच्या बोलीत बोलतो, आणि ती कथा पाठ्यपुस्तकात आली. त्याआधी हीच बोली शाळेत अडाणी मानली जायची. ‘काय करायलास’ म्हणणाऱ्या पोराला ‘काय करतोस म्हण’ म्हणून उभं केलं जायचं.

ज्या जिल्ह्यानं जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना अध्यक्ष म्हणून मानानं आणलं, त्या जिल्ह्यानं आपल्याच पोरांच्या तोंडातले शब्द ऐकून दचकावं, हे मला समजत नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीत उर्दू, बाजारात दखनी, उमरग्याकडे कन्नड, तुळजापूरच्या यात्रेत तेलंगणातल्या भाविकांची तेलुगू. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात या सगळ्याची सरमिसळ होती आणि त्यानं मराठी बुडाली नाही. आजचा पोरगा ‘भावा’, ‘लका’ म्हणत हिंदी आणि इंग्रजी शब्द घालतो, तेव्हा तो त्याच पिढीजात सवयीनं बोलतो. फरक इतकाच की त्याच्या खिशात माइक आहे.

आणि तो माइक वापरून तो काय करतो? फुकटचा बीट उतरवून घेतो, दार लावून गोधडीआड मोबाइलवर आवाज भरतो. इयत्ता आठवीनंतर कवितेचं पुस्तक न उघडलेला पोरगा यमक जुळवायला रात्र जागवतो, ओळीत मात्रा बसत नाही म्हणून शब्द बदलतो. रॅप म्हणजे आजचा पोवाडा किंवा आजचा गोंधळ, अशी वकिली मी करणार नाही. तसं म्हणणारे लोक रॅपला जुन्या नात्यातला म्हणून पास करू बघतात, आणि त्याची गरज नाही. ते १९७३ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलेलं परकं रूप आहे, आणि परकं असूनही आपल्या पोरांच्या जिभेवर बसलं, एवढं मान्य करणं पुरेसं आहे. गझल तरी कुठं आपली होती?

महाराष्ट्रातल्या रॅपनं या काही वर्षांत काय दिलं, ते तक्रार करणाऱ्यांनी ऐकलेलं नसतं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १००आरबीएच, वऱ्हाडी घेऊन २०२३ मध्ये एमटीव्हीच्या ‘हसल’ या रॅपच्या कार्यक्रमाच्या मंचावर गेला आणि देशभरच्या श्रोत्यांनी ती वऱ्हाडी ऐकली. त्याच अमरावतीची आर्या जाधव त्याच्या आधीच्या पर्वात होती, पुढे ‘बिग बॉस मराठी’तून घराघरांत पोचली. स्वदेसी या मुंबईच्या गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. २०१९ मध्ये या गटानं आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, ते जंगल आणि जमिनीच्या प्रश्नावर. या कामात गाडी शोधून सापडत नाही.

गाण्याच्या शब्दांवर मात्र आपली यंत्रणा किती तत्पर आहे, हे २०२३ च्या एप्रिलमध्ये दिसलं. छत्रपती संभाजीनगरचा रॅपर राज मुंगासे यानं सत्तांतरावर गाणं केलं, सत्ताधारी पक्षाच्या युवा संघटनेकडून तक्रार आली, आणि अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात मुंबईचा रॅपर उमेश खाडे याच्यावर वडाळ्यात गुन्हा दाखल झाला, तोही राजकारणावरच्या गाण्यासाठी. मुंगासेच्या गाण्यात ज्या ‘खोक्यां’चा उल्लेख होता, तो शब्द त्यानं शोधलेला नव्हता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विरोधी आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहून ‘पन्नास खोके’ची घोषणा देत होते, अख्ख्या महाराष्ट्रानं ते दूरचित्रवाणीवर पाहिलं. आमदारानं म्हटलं की घोषणा, पोरानं म्हटलं की गुन्हा. मराठवाड्यातला एक पोरगा सत्तेला प्रश्न विचारतो तेव्हा पोलीस ठाण्याचं दार उघडतं. हायवेवर उलट्या बाजूनं घुसणाऱ्या ताफ्यासाठी ते कधी उघडल्याचं मला आठवत नाही. रॅपवरच्या या सगळ्या संतापाचा उपयोग शेवटी कुणाला होतो, ते इथं दिसतं. ‘गाण्यानं पोरं बिघडतात’ हे एकदा सर्वमान्य झालं की प्रश्न विचारणारं गाणं बंद करायलाही तेच वाक्य कामाला येतं.

इतकं बोलल्यावर दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायला हवं. शहरात बसून ‘ही तरुणाईची अभिव्यक्ती आहे, वय आहे, करू द्या’ म्हणणारे लोक मला तितकेच नकोसे वाटतात. स्टंट ही अभिव्यक्ती नाही. शब्दानं समोरचा दुखावला तर तो उत्तर देऊ शकतो, उठून जाऊ शकतो. दीड-दोन टनांची गाडी सर्व्हिस रोडवर घसरत फिरते तेव्हा दूध घालून सायकलवर परतणाऱ्या माणसाला उत्तर द्यायची संधी नसते. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या त्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगामुळे. त्यात पायी चालणारे आणि दुचाकीवरचे किती असतात ते धाराशिवच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात रात्री बसलेल्या माणसाला विचारावं. नवरात्रात आणि कोजागिरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून लाखो माणसं अनवाणी चालत तुळजापूरला येतात, रात्री, त्याच महामार्गाच्या कडेनं. त्या रस्त्यावर गाडीचा खेळ करणाऱ्याला वयाची सवलत देणं मला पाप वाटतं.

आणि रॅप करणाऱ्या पोरांनाही दोन शब्द ऐकावे लागतील. भाड्यानं आणलेल्या गाडीच्या बॉनेटवर बसून, हातात खेळण्यातलं पिस्तूल घेऊन, पंजाबी व्हिडिओची नक्कल करत ‘आपलं राज्य’ म्हणणारं गाणं वाईट आहे, कारण त्यात तुमचं गाव नाही, तुमचा दुष्काळ नाही, तुम्ही स्वतः नाही. बापाच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, टँकरच्या रांगेत आई उभी राहिली हे तुम्ही पाहिलंय, आणि गाण्यात मात्र न घेतलेली गाडी फिरवता. आई-बहिणीवरच्या शिव्यांचंही तेच. त्या शिव्या रॅपनं आणल्या नाहीत, पारावर आणि चावडीवर त्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण तुम्ही नवं काही करायला निघाला असाल, तर पारावरचा सगळ्यात जुना, सगळ्यात सडका माल कशाला उचलता? आर्या जाधवसारखी एखादी मुलगी उद्या लोहाऱ्यातून किंवा परंड्यातून माइक घेऊन उभी राहिली, तर तिला त्या शिव्यांच्या गर्दीतूनच वाट काढावी लागेल. ही टीका मी गाण्यावर करतोय, गाणं म्हणून. ती वाद घालून करता येते, दाद रोखून करता येते. त्यासाठी हवालदार लागत नाही.

हवालदार लागतो गाडीसाठी, आणि गाडीसाठी कायदा पुरेसा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ सांगतं की अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहे. गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी आणि सुरक्षेसाठी महत्त्वाचे म्हणून अधिसूचित केलेले सुटे भाग नियम मोडून विकणाऱ्यासाठी कलम १८२-अ आहे. विकणाऱ्याला तर एका सुट्या भागामागे एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फटाके मारणारा सायलेन्सर पोरानं घरी बनवलेला नसतो. तो कुठल्या तरी दुकानातून येतो, कुठल्या तरी गॅरेजमध्ये बसवला जातो. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो छापून येतात, आणि ते विकणारं दुकान दुसऱ्या दिवशी उघडं असतं.

म्हणून पुढच्या शांतता समितीच्या बैठकीत जाणत्या मंडळींनी रॅपचा विषय बाजूला ठेवून पोलीस अधीक्षकांना आणि आरटीओला लेखी विचारावं. गेल्या वर्षभरात या जिल्ह्यात कलम १९९-अ खाली किती पालकांवर गुन्हे दाखल झाले? किती दुकानांवर १८२-अ लावलं? नेत्यांच्या दौऱ्यात खिडकीबाहेर लटकणाऱ्यांच्या किती गाड्यांना दंड झाला, आणि त्या गाड्या कुणाच्या नावावर आहेत? आकडे मागावेत, ते सभेत मोठ्यानं वाचावेत आणि इतिवृत्तात लिहून घ्यावेत. शाळा-कॉलेजांनी गॅदरिंगमधून रॅप काढू नये. ज्या पोराला म्हणायचंय त्याला पाच मिनिटं द्यावीत, एकच अट घालावी की ओळी स्वतःच्या असाव्यात. मराठीच्या शिक्षकांनी त्या आधी वाचाव्यात, कापायला म्हणून नाही, यमक कुठं लंगडं पडलंय ते सांगायला. आणि त्याच दिवशी कॉलेजच्या फाटकावर परवाने तपासावेत, प्राध्यापकांच्या आणि संचालकांच्या मुलांपासून सुरुवात करून.